केस चालू असताना डॉक्टर बदलावा का?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण आपल्या घरांमध्ये एक रीत आहे. ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, त्याच्या हातात सगळ्या खानदानाच्या फायली येतात. रेशनकार्डापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत. तशाच एका फायलीमुळे हा विषय माझ्याकडे आला. त्यानंतर नांदेड आणि लातूरच्या बऱ्याच लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दल तक्रार केली आहे, किंवा करायची आहे. पण पेशंट अजून बरा नाही. मग इलाज त्याच डॉक्टरकडे चालू ठेवायचा की दुसरीकडे जायचं?

प्रश्न कसा उभा राहतो ते आधी सांगतो.

माझी खाला लातूरला राहते. तिचं माहेर नांदेडचं, म्हणून पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात केलं. दुर्बिणीतून. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आठवड्याभरात डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, अंगाला खाज. पुन्हा भरती केलं. पोटात नळी टाकली, नळीतून पित्त येत राहिलं. सर्जन रोज म्हणायचे, "होतं असं कधीकधी, कमी होईल, थांबा." दोन आठवडे गेले. माझ्या मावसभावाचा धीर सुटला आणि त्याने वकिलाकडून नोटीस पाठवली. आता परिस्थिती अशी, की नोटीस टेबलावर पडलेली आणि खाला त्याच दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. सर्जनकडून निरोप आला, दुसरं ऑपरेशन मी फुकट करून देतो, फक्त काही तक्रार नाही असं लिहून द्या.

घरात दोन तट पडले. मामू म्हणाले, "केस चालू है, अभी डॉक्टर मत बदलो. कल वो बोलेगा, मेरे पास ठीक थी, दूसरे ने बिगाड़ दिया." खालू म्हणाले, बिघडवलं त्यानेच, मग दुरुस्त करायची जबाबदारीही त्याचीच. दोघांचं बोलणं बिनबुडाचं नव्हतं. पण दोघेही केसबद्दल बोलत होते. खालाच्या पोटात काय चाललंय, हे कोणी बोलत नव्हतं.

मला आज एवढंच सांगायचं आहे. इलाज आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर बदलायचा की नाही, हे पेशंटची तब्येत बघून ठरवा, केस बघून नाही. डॉक्टर बदलल्याने केस बुडत नाही. बुडते ती कागद न घेता, काही न लिहिता, मध्येच इलाज तोडून निघून गेल्याने.

मामूंच्या भीतीबद्दल आधी बोलू. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की पुरावा बिघडतो का? आपल्याच भागातला एक निकाल बघा. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक बाई बाळंत झाली. त्यानंतर तिथेच तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मग तिला ताप आला, पोटात असह्य दुखू लागलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आत राहिलेला टॉवेल सापडला. ती वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, हायकोर्टाने तो निकाल फिरवला आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पुन्हा नवऱ्याच्या बाजूने निकाल दिला. ३३ वर्षं लागली. पण पोटात टॉवेल होता हे कळलं ते दुसऱ्या वेळी पोट उघडल्यामुळे. कोर्ट म्हणालं, पोटात टॉवेल राहतो तेव्हा हलगर्जीपणा उघडच दिसतो, तो वेगळा काय सिद्ध करायचा?

दुसरा निकाल हैदराबादचा. नांदेड-लातूरच्या माणसाला मोठा आजार झाला की तो देगलूर नाक्यावरून गाडी धरतो ते हैदराबादसाठीच, म्हणून हा निकाल आपल्या कामाचा. व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल. २००२ मध्ये त्यांच्या पत्नीला थंडी-तापासाठी भरती केलं आणि टायफॉइडचा इलाज चालला. तब्येत फार खालावल्यावर तिला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथे मलेरिया निघाला. ती वारली. जिल्हा ग्राहक मंचाने २ लाख रुपये भरपाई दिली, वरच्या आयोगांनी ती नाकारली आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पुन्हा बहाल केली. मलेरियाचा कागद कुठून आला? दुसऱ्या हॉस्पिटलमधून. याच निकालात कोर्टाने असंही सांगितलं, की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही.

म्हणजे दुसरा डॉक्टर हा केसचा शत्रू नसतो. बऱ्याचदा पहिल्या डॉक्टरच्या कागदात जे लिहिलेलं नसतं, ते त्याच्या कागदात मिळतं.

आता खालूंचं म्हणणं. ज्याने बिघडवलं त्यानेच नीट करावं. भावना समजते. पण कायदा काय बघतो? नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करणं हे तक्रार करणाऱ्याचंही काम आहे. विश्वास उडालेला असताना, तब्येत घसरत असताना, आपण फक्त वाट बघत बसलो, तर उद्या समोरचा वकील विचारणार, "एवढी शंका होती तर इतके दिवस दुसरीकडे का दाखवलं नाही?" आणि कायदा राहू द्या. पित्तनलिकेला इजा झाली असेल, तर ती लवकर ओळखणं आणि अशी कामं नेहमी करणाऱ्या सर्जनच्या हातात जाणं, यावर पेशंटचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. तिथे एकेक आठवडा महागाचा.

आम्ही खालाला हैदराबादला हलवलं. कसं हलवलं ते सांगतो, कारण इथेच बहुतेक लोकांचं घोडं अडतं.

पहिलं, कागद. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरने तीन वर्षं जपून ठेवायची असतात आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची असतात. हे तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. फक्त डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ऑपरेशनची नोंद, भूल दिल्याची नोंद, नर्सचे रोजचे तक्ते, संमतीपत्र, सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, आणि प्रत्येक पैशाची पावती. लॅबने तुकडा काढून तपासला असेल तर त्याची स्लाइडही मागता येते.

दुसरं, बाहेर पडतानाचा फॉर्म. आपण निघतो म्हटलं की दवाखाना एक छापील कागद पुढे करतो. त्यात लिहिलेलं असतं, की रुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे. गडबडीत आपण सही करतो. पुढे हाच कागद आपल्याविरुद्ध येतो. सही करावी लागली तर सहीच्या वर आपल्या हाताने कारण लिहा. मराठीत लिहा, काही बिघडत नाही. "कावीळ आणि ताप कमी होत नसल्याने पुढील उपचारासाठी अमुक हॉस्पिटलमध्ये हलवत आहोत." खाली तारीख आणि वेळ. मोबाईलवर त्याचा फोटो. सोबत रेफर चिठ्ठी मागा. माझ्या मावसभावाने ही एक ओळ लिहिली होती. नंतर दवाखान्याच्या उत्तरात खरंच तो मुद्दा आला, रुग्ण सल्ला न मानता निघून गेली. त्याच फॉर्मची प्रत आमच्याकडे होती, ती जोडली.

तिसरं, हलवण्याच्या दिवसाची स्थिती. पहिल्या दवाखान्यातून निघताना ताप किती, नळीतून किती पित्त येतंय, जखम कशी दिसते. आणि दुसऱ्या ठिकाणी पोचल्यावर भरतीच्या वेळी काय आढळलं. या दोन नोंदी पक्क्या असतील तर "दुसऱ्याने बिघडवलं" हे म्हणणं सहज टिकत नाही. आणि दुसऱ्याने खरंच काही बिघडवलं, तर तेही त्यातूनच दिसतं. नोंद कोणाचीच बाजू घेत नाही, हाच तिचा फायदा.

चौथं, नव्या डॉक्टरशी कसं बोलायचं. नोटीस दिली आहे हे लपवायचं का? माझं मत, लपवू नका, पण सुरुवात तिथून करू नका. सुरुवात पेशंटपासून करा. ऑपरेशन केव्हा झालं, काय त्रास, कोणती औषधं, आधीचा इलाज कुठे. एकही कागद दडवू नका. आणि त्यांना असं म्हणू नका, की "पहिल्याने चूक केली असं लिहून द्या." हे ऐकलं की चांगला डॉक्टरही चार पावलं मागे सरतो, कारण त्याला इलाज करायचा आहे, कोर्टात हेलपाटे मारायचे नाहीत. त्याच्याकडून निकाल मागू नका, नोंद मागा. स्कॅनमध्ये काय दिसलं, इजा कुठे आहे, काय केलं, का केलं. हैदराबादच्या पोटविकार तज्ज्ञांनी आधी एमआरसीपी नावाचा स्कॅन केला, मग तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट टाकला. त्यांच्या कागदात पहिल्या सर्जनबद्दल एक शब्द नाही. पण इजा कुठे आहे, ते स्वच्छ लिहिलं आहे. आम्हाला तेवढंच हवं होतं.

पाचवं, मोबाईल. डॉक्टरशी झालेले व्हॉट्सअॅप मेसेज, कॉल, पाठवलेले फोटो, काहीही पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून तो फोन विकू नका, फॉर्मॅट करू नका. आणि एका वहीत तारीखवार घटना लिहून ठेवा. कोण काय बोललं, किती पैसे दिले. त्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं, यात फरक पडतो.

प्रत्येक वेळी डॉक्टर बदलावाच, असंही माझं म्हणणं नाही. काही वेळा न बदलणंच शहाणपणाचं असतं. डायलिसिस चालू आहे, केमो मध्यावर आहे आणि जवळपास दुसरी सोय नाही. किंवा डॉक्टरने स्वतः समोर बसून सांगितलं की ही गुंतागुंत झाली आहे, तिचे उपाय हे, आणि कागदावरही तसंच लिहिलं. असा डॉक्टर सोडून जाण्याआधी दहादा विचार करा. तेव्हा मधला मार्ग आहे, दुसरं मत घेणं. इलाज तिथेच, पण कागद दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत. दुसरं मत घेण्याचा हक्क त्यात आहे, कागद मिळण्याचा आहे, डिस्चार्ज घेण्याचाही आहे. बिल थकलं म्हणून माणसाला अडवून ठेवता येत नाही.

आणि डॉक्टरनेच म्हटलं, "नोटीस दिली ना, आता इथे येऊ नका," तर? त्याच २००२ च्या आचारसंहितेत आहे, की एकदा हाती घेतलेला रुग्ण डॉक्टरने वाऱ्यावर सोडायचा नाही, पुरेशी सूचना दिल्याशिवाय बाजूला व्हायचं नाही. अशा वेळी भांडू नका. शांतपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, हे लिहून द्या आणि कुठे न्यायचं तेही सांगा."

ते फुकट ऑपरेशन आणि "तक्रार नाही" असा कागद, त्याबद्दल एकच गोष्ट. पेशंट खाटेवर असताना, घाबरलेले असताना, असल्या कागदावर सही करू नका. तडजोड वाईट नसते, पण ती वकिलाला दाखवून, पेशंट सावरल्यावर होते. इलाजाच्या बदल्यात सही ही तडजोड नाही, अडवणूक आहे.

तक्रार कुठे करायची ते थोडक्यात. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात ठरवलं. जिथे सगळ्यांनाच मोफत इलाज मिळतो तो दवाखाना या कायद्याबाहेर. तिथे दिवाणी दाव्याचा रस्ता उरतो, खोडवांनी घेतला तसा. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आणि आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. ऑपरेशन नांदेडला झालं, पण खालाची तक्रार लातूरला दाखल झाली. इलाजासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. डॉक्टरच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी करता येते. दोन वर्षं इलाजाच्या धावपळीत कशी निघून जातात ते कळत नाही, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बिघाड झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं नसतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये नलिकेला इजा होणं हा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या हातांकडूनही होतो. सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं, की साधारण कौशल्याच्या डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढंच बघायचं. म्हणून खालाच्या तक्रारीत आमचा मुद्दा इजा का झाली हा नाही. लक्षणं समोर असताना दोन आठवडे तपास का केला नाही, हा आहे. निकाल यायचा आहे, तो काहीही येऊ शकतो. खाला मात्र आता रोज स्वतः चालत बाजारात जाते.

शेवटी आपल्या समाजाबद्दल दोन गोष्टी.

आपल्याकडे वडीलधारे म्हणतात, "अल्लाह की मर्जी, सब्र करो." सब्र मोठी गोष्ट आहे. पण सब्र म्हणजे विचारायचं नाही, असं कोणी ठरवलं? सुनन अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. तिचा आशय असा, की वैद्यकाचं ज्ञान नसताना जो इलाज करतो, तो नुकसानीला जामीन आहे. म्हणजे इलाज करणाऱ्याला जबाब विचारणं आपल्या परंपरेला नवं नाही. आणखी एक अडचण नात्यांची असते. डॉक्टर आपल्याच मोहल्ल्यातले, किंवा अब्बांच्या ओळखीचे. मग डॉक्टर बदलणं म्हणजे बेइमानी वाटते. बायकांच्या बाबतीत तर विचारतही नाहीत. खालाला शेवटी तिच्या मुलीने विचारलं, "अम्मी, तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, "मुझे यहाँ डर लगता है." दोन आठवडे आम्ही सगळे तिच्या वतीने ठरवत होतो आणि खरं उत्तर तिच्याकडे होतं. पेशंट शुद्धीत आहे, सज्ञान आहे, तर निर्णय तिचा.

दुसरी गोष्ट तुम्हा तरुणांसाठी. काही झालं की इतवाऱ्यातून, देगलूर नाक्यावरून, लातूरमध्ये गंजगोलाईतून पोरं जमतात, दवाखान्यासमोर गर्दी होते, काच फुटते. महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. दवाखान्यात हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तोडफोडीची दुप्पट भरपाई. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पेशंटची तक्रार बाजूला राहते आणि त्याची मुलं तारखांना उभी राहतात. शिवाय बातमी कशी छापून येते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ज्या घरात पेशंट आहे तिथे वीस जण नकोत. एक जण हवा, ज्याला अर्ज लिहिता येतो, पोच घेता येते, इंग्रजी रिपोर्ट वाचून अम्मीला सोप्या भाषेत सांगता येतो, आणि रात्री गाडीत सोबत बसता येतं. या शिबिरातून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका आजारी माणसाची फाईल तारखेप्रमाणे लावून ठेवा. केस असो वा नसो. उद्या डॉक्टर बदलायची वेळ आलीच, तर ती फाईल काखेत मारून निघता येईल.